नॉर्डविंडच्या मागे दोन रविवार

जर्मनीहून परत आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "काय काय पाहिलंत?" मी खरं ते सांगते, "घोडे पाहिले." समोरच्याचा चेहरा पडतो. त्याला राजवाडे हवे असतात, निदान बर्फाचा एखादा डोंगर तरी. तीन आठवड्यांत मी एकही राजवाडा पाहिला नाही. दोन रविवार शेताच्या बांधाला उभी राहून कुंपणांवरून उड्या मारणारे घोडे पाहिले, आणि त्यातल्या दुसऱ्या रविवारी असा काही घोळ घातला की तो इकडे घरच्यांपलीकडे अजून कुणाला सांगितलेला नाही. आता लिहूनच टाकते.

मी कऱ्हाडची. एकतीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं आणि दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी सांगितलं म्हणून बंद केलं. धाकटा भाऊ सुहास वोल्फ्सबुर्गला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. गेला तेव्हा त्याच्या मिशा काळ्या होत्या, आता मिशाच नाहीत. बायको आन्के तिथलीच, शाळेत शिकवते. त्यांची एकुलती एक मुलगी मीरा सव्वीस वर्षांची. आठवडाभर ती फिजिओथेरपी करून लोकांचे खांदे-पाठी सरळ करते आणि रविवारी स्वतःचे मोडून घेते. हे वाक्य सुहासचं. तो ते हसत म्हणतो, पण हसू डोळ्यांपर्यंत जात नाही.

मीरा शर्यतीचे घोडे चालवते. हौशी म्हणून, पगार न घेता. उत्तर जर्मनीत कितीतरी लहान गावांत वर्षातून एकदा अशी शर्यत भरते. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्ससारखं काही डोळ्यांपुढे आणू नका. गावाबाहेरचं कुरण, त्यात फांद्या बांधून उभी केलेली कुंपणं, मातीचे बांध, पाण्याचे चर. घोडे आजूबाजूच्या शेतकऱ्यांचे आणि स्वारांमध्ये कुणी दंतवैद्य, कुणी सुतार. मीराने फोनवर म्हटलं होतं, "आत्या, या वर्षी तू यायचंच." राखीपौर्णिमेचं निमित्त होतंच. मी भावासाठी अनारसे केले, डबा भरला आणि निघाले.

पहिला रविवार: तळ्यातून जाणारे घोडे

वोल्फ्सबुर्ग हे मोटारींनी मोटारींसाठी वसवलेलं गाव आहे. पायी चालणारं माणूस दिसलं की ते कुत्रा फिरवत असतं. वीस मिनिटं बाहेर पडलात की मात्र शेतंच शेतं लागतात. ऑगस्टमध्ये गहू कापून झालेला, धसकटांत काडाचे मोठे गोल भारे पडलेले. पुढे माळरान सुरू झालं आणि त्यावर गुडघाभर उंचीच्या झुडपांना जांभळी फुलं आलेली. कासच्या पठाराची आठवण झाली. फरक इतकाच, की इथे कुणी फुलांत बसून फोटो काढत नव्हतं.

मीरा त्या दिवशी धावणार नव्हती. पुढच्या रविवारी तिच्या तालमीच्या गावात शर्यत होती आणि तिथे येणारे घोडे तिला आधी पाहून घ्यायचे होते. गाडीतून उतरताच आम्हाला बटाट्यांचा वास आला. मी शाकाहारी म्हटल्यावर आन्केने मला किसलेल्या बटाट्याची धिरडी आणून दिली, वर सफरचंदाचा गोड गर. मी मनात म्हटलं, थालीपिठावर मुरांबा! दोन घास खाल्ले आणि तिसरं धिरडं स्वतःच जाऊन आणलं. गांधीलमाश्या ताटात येऊन बसत होत्या. तिथली माणसं त्यांना हाकलतसुद्धा नव्हती, बाजूला सरकवून जेवत होती.

आमच्याकडे बैलगाड्यांची शर्यत म्हणजे हलगी, धुरळा आणि कानठळ्या. इथे घोडे सुटले तेव्हा चार-पाचशे माणसं गप्प. पहिल्या कुंपणापाशी घोड्यांची पोटं वर झाली, वाळक्या फांद्या खरखरल्या आणि मग सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. या शर्यतीत घोड्यांना तळं पार करायचं होतं. ते पाण्यात शिरले तशी काहीजणांच्या रिकिबी बुडाल्या आणि एक दंतवैद्य डोक्यापर्यंत भिजून एकटाच बाहेर आला. त्याचा घोडा त्याच्या आधीच काठावर पोचला होता. सर्वांत मागून आलेल्या घोड्याला सर्वांत जास्त टाळ्या मिळाल्या. ही रीत मला फार आवडली.

पहिली आली एक तांबडी घोडी. मीराने माझं मनगट धरलं. "ही, आत्या. ही आमच्याकडे येणार."

"मग?"

"मग, या, हिला हरवायचं." हे 'या' म्हणजे जर्मन 'हो'. मीराचं मराठी असं आहे. समजतं सगळं, बोलताना मध्ये मध्ये जर्मन खडे लागतात.

मधले दिवस: बेरेन्स यांचा तबेला

आठवडाभर मी रोज सकाळी मीराबरोबर तबेल्यात गेले. मालक हेर, म्हणजे श्रीयुत, बेरेन्स अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, ताडमाड उंच, आणि दाराखालून जायची सवय लागून वाकलेले. गाई त्यांनी विकून टाकल्या, जमीन भाडेपट्ट्याने दिली, घोडा मात्र ठेवला. त्याचं नाव नॉर्डविंड, म्हणजे उत्तरेचा वारा. काळसर तपकिरी, कपाळावर बोटभर पांढरं. त्याची आई इथेच जन्मली होती आणि तिची आईही इथेच.

गोष्ट साधी होती आणि मीराने ती मला पहिल्याच दिवशी सांगितली. गावची ही शर्यत बेरेन्स यांनी कधी जिंकली नव्हती. चाळीस वर्षांत त्यांचे कितीतरी घोडे धावले. दुसरे आले, चौथे आले, पडले. गेल्या वर्षी नॉर्डविंड सगळ्यांत पुढे होता. पाण्याच्या चरापाशी त्याचा पाय घसरला, मीरा खाली आली आणि तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. आता घोडा बारा वर्षांचा झाला होता. या रविवारनंतर त्याला पळवायचं नाही, असं म्हाताऱ्याने ठरवलं होतं. जे काय व्हायचं ते याच वेळी.

शनिवारी आम्ही तिघं सगळी वाट पायी फिरलो. स्वारांनी आदल्या दिवशी असं चालून बघायचं असतं. टीव्हीवर कुंपण म्हणजे किरकोळ वाटतं. जवळ उभी राहिले तर ते माझ्या छातीला लागलं. चरापाशी मीरा थांबली. काठावरची माती बुटाने दाबली, पलीकडे उडी मारून गेली, परत आली, पुन्हा गेली. बेरेन्स हात मागे बांधून उभे होते. काहीतरी बोलले.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, इथे त्याला घाई करू नकोस, त्याला माहितेय." मग तिने चराकडे न बघता म्हटलं, "मला भीती वाटते, आत्या. ममा-पपाला सांगू नकोस."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. लहानपणी हीच पोरगी व्हिडिओ कॉलवर मला जर्मन बाराखडी शिकवायची. आता तिच्या भीतीची किल्ली माझ्याकडे होती आणि मला त्याचा अभिमान वाटत होता, हेही कबूल करते.

आणखी एक गोष्ट तिने पहिल्याच दिवशी सांगितली होती. नॉर्डविंडला कुणी काही खायला द्यायचं नाही. गाजरसुद्धा नाही. त्याच्या दारावर लाल अक्षरांत तशी पाटीही होती. मी "हो हो" म्हटलं. पण आपलं कसं असतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. नियम परक्यांसाठी. घरच्या माणसाला कसला नियम?

दुसरा रविवार

सकाळी निघताना मी मीराच्या हातावर दही-साखर ठेवली. तिने ती चाटून घेतली आणि हात पँटला पुसला. मी तिच्याबरोबर तबेल्यात गेले. ती खोगीर आणायला आत गेली, बेरेन्स गाडीला घोडा न्यायचा चाकांचा डबा जोडत होते. नॉर्डविंडने दारावरून मान बाहेर काढली आणि माझ्या पिशवीला हुंगलं.

आमच्या माहेरी बेंदराला बैलांना आधी पुरणपोळी, मग घरच्यांची पानं. माझे वडील म्हणत, राबणाऱ्याच्या तोंडात आधी गोड पडलं पाहिजे. दोघं एकाच कामाला निघालेले. एकीला दही-साखर आणि दुसऱ्याने काय वारा खायचा? पिशवीतल्या डब्यात अनारसे होते. मी एक काढून तळहातावर धरला. त्याने तो ओठांनीच उचलला, कुरुम कुरुम खाल्ला आणि माझा तळवा चाटून साफ केला. मला फार बरं वाटलं. मी कुणाला बोलले नाही. लपवावं म्हणून नव्हे. सांगण्यासारखं काही केलं आहे असंच वाटलं नाही.

दुपारी मैदानावर जत्रा भरली होती. गावाच्या अग्निशमन दलाचे लोक सॉसेज भाजत होते, शाळेतली पोरं ढोल-बासऱ्या वाजवत फिरत होती. गावातल्या बायकांनी घरून केक करून आणले होते आणि एका लांब टेबलामागे आन्के ते कापून देत होती. तिने टेबल असं मांडलं होतं की तिची पाठ मैदानाकडे राहील. दर वर्षी ती हेच करते, असं सुहास म्हणाला.

मी तिथे कॉफी पीत उभी होते तेव्हा बेरेन्स आले. आन्केने त्यांच्यासाठी एक काळाभोर केक पुढे केला. त्यांनी दोन्ही हात वर केले, डोकं हलवलं आणि नुसती कॉफी घेऊन गेले.

"त्यांना आवडत नाही?" मी सुहासला विचारलं.

"जीव आहे त्यांचा त्याच्यावर. पण आज नाही. त्यात खसखस असते ना, ताई. शर्यतीनंतर घोड्याची तपासणी होते. खसखशीतून घोड्याच्या रक्तात मॉर्फिन सापडू शकतं, म्हणून शर्यतीच्या दिवशी तबेल्यातली माणसं तिला हातही लावत नाहीत. बोटाला चिकटलेली घोड्याने चाटली तरी पंचाईत."

अनारशाची एक बाजू संपूर्ण खसखशीने मढवलेली असते. मी तर जास्तच लावते, माझ्या अनारशाची ख्याती आहे त्याबद्दल. क्षणभर वाटलं, इथली खसखस काळी, आपली पांढरी, वेगळी असेल. पण एकतीस वर्षं अफूपासून बनणारी औषधं मी कुलपात ठेवली होती. माझ्यातल्या दुकानदारणीने लगेच उत्तर दिलं, झाड तेच.

सुहासला बाजूला नेऊन सांगितलं. तो आधी हसला. मग माझा चेहरा बघून थांबला.

"एकच ना? अगं, पाचशे किलोचा घोडा आहे. एका अनारशाने काय होतंय?"

"आणि झालं तर?"

त्याने मैदानाकडे पाहिलं. "झालं तर निकाल रद्द होईल. मीराचा परवाना काही काळ जाईल. आणि म्हाताऱ्याचं नाव गावात..." मग तो हळू आवाजात म्हणाला, "पण ताई, बहुतेक काही होणारच नाही. आत्ता सांगितलंस तर मात्र नक्की होईल. दीड तास राहिलाय. तिचं सगळं वर्ष यात गेलंय."

तो चुकीचं बोलत नव्हता, हीच अडचण होती. मी पाच मिनिटं तिथेच उभी राहिले. खोटं कशाला सांगू, गप्प बसायचा मोह मला झाला. घोडा जिंकेल, म्हातारा रडेल, मी कऱ्हाडला जाऊन सगळ्यांना सांगेन, हे चित्र माझ्याही डोळ्यांपुढे होतं. पण त्या चित्रात कुणीतरी मीराला विचारत होतं, "काय दिलं होतं त्याला?" आणि ती शपथेवर "काही नाही" म्हणत होती. ती खरं समजून बोलेल आणि तोंडघशी पडेल. ते मला सहन होईना.

घोड्यांच्या अंगणाच्या दारात एका गृहस्थाने मला अडवलं, कारण माझ्या मनगटाला पट्टी नव्हती. मी "मीरा, मीरा" असं इतक्या मोठ्याने म्हणाले की ती स्वतःच बाहेर आली. अंगात हिरवा-पांढरा सदरा, हातात ब्रश.

मी आडपडदा न ठेवता सांगितलं. सकाळी. अनारसा. खसखस.

"किती?"

"एक."

"पूर्ण?"

"पूर्ण."

ती पालथ्या बादलीवर बसली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "वारुम, आत्या?" म्हणजे, का? बेंदूर, पुरणपोळी, वडील, सगळं माझ्या ओठांवर आलं. ते मी गिळलं आणि म्हटलं, "मला वाटलं, तुझा नियम माझ्यासाठी नाही."

ती उठून बेरेन्स यांच्याकडे गेली. ते दोघं आणि त्यांच्या मागे मी, अशी आमची वरात घोड्यांच्या डॉक्टरबाईंपाशी पोचली. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी डब्यातला अनारसा उलटा-सुलटा करून पाहिला, एक दाणा नखावर घेतला. त्या म्हणाल्या, "कदाचित काहीच सापडणार नाही, कदाचित सापडेल, आणि मी तुम्हाला शब्द देऊ शकत नाही. घोडा माझा असता तर मी पळवला नसता."

बेरेन्स यांनी टोपी काढली. पुन्हा घातली. "आल्झो," म्हणजे 'तर मग', म्हणाले, आणि मीराला खोगीर उतरवायला सांगितलं.

ध्वनिक्षेपकावर घोषणा झाली की चार नंबरचा घोडा धावणार नाही. गर्दीतून "ओऽ" असा आवाज आला. चार नंबर म्हणजे गावाचा घोडा, सगळं गाव त्याच्यासाठी थांबलेलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं आपण नेहमी म्हणतो. त्या दिवशी मला ते खरोखर वाटलं.

शर्यत सुटली. मी एकटी कठड्याला उभी होते. शेजारी कुणीतरी येऊन थांबलं, बघते तर बेरेन्स. मला वाटलं, आता बोलतील. पण ते बोटाने एकेक कुंपण दाखवत राहिले, जणू मी पाहुणी आहे आणि मला नीट दिसलं पाहिजे. चरापाशी सगळे घोडे सुखरूप गेले. शेवटच्या वळणाला तांबडी घोडी पुढे आली, शेवटच्या कुंपणाला जरा अडखळली, आणि तरी दोन घोड्यांच्या अंतराने जिंकली.

बेरेन्स माझ्याकडे वळले. मला कळावं म्हणून अगदी सावकाश बोलले, आणि तीन बोटं दाखवली. आपला घोडा फार तर तिसरा आला असता. मग त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि ते निघून गेले. मी तिथे, चार-पाचशे जर्मन माणसांत, पदर तोंडाला लावून रडले.

केकच्या टेबलापाशी आन्केने मला मिठी मारली. ती फारशी मिठ्या मारणारी नाही. कानात म्हणाली, "ताई, आज सगळ्यांत खूश मी आहे. मीराला सांगू नका." त्या वाक्याने मला धीर यायला हवा होता. उलट अधिकच अवघडल्यासारखं झालं.

सोमवार: कुरण

मला मंगळवारी निघायचं होतं. सोमवारी सकाळी खोलीच्या दारावर टकटक झाली. मीरा बूट घालून उभी. "येतेस?"

तबेल्यात नालबंद येऊन गेला होता. नॉर्डविंडचे नाल काढून भिंतीपाशी ठेवले होते. आता त्याला त्यांची गरज नव्हती. बेरेन्स यांनी त्याला मागच्या कुरणापर्यंत नेलं, दोर सोडला आणि फाटक लावून ते चहाला घरात गेले. घोडा जरा वेळ तसाच उभा राहिला. त्याला कळेना की आता कुठे जायचं. मग एकदम सुटला, कुरणाच्या टोकापर्यंत धावत गेला आणि गर्रकन वळून परत आला.

आम्ही दोघी फाटकाला टेकून बघत होतो. गेल्या चोवीस तासांत मला चौघांनी धीर दिला होता. सुहास म्हणाला, शर्यती काय, होतच असतात. डॉक्टरबाई म्हणाल्या, सांगितलंत हे फार चांगलं केलंत. आन्के, बेरेन्स, सगळे चांगलंच बोलले. मीरा तेवढी बोलली नव्हती.

"मीरा, एक विचारू? खरं सांग. काल तो कितवा आला असता?"

ती घोड्याकडे बघत राहिली.

"ती घोडी शेवटच्या कुंपणाला दमली होती. पाहिलंस ना? नॉर्डविंड तिथे दमत नाही." मग माझ्याकडे वळून, एकही जर्मन शब्द न घालता ती म्हणाली, "पहिला आला असता, आत्या."

मला ते फार लागलं. पण मला बरं वाटावं म्हणून ती खोटं बोलली नाही, याने माझा ऊरही भरून आला. दोन्ही एकदमच झालं, आणि अजून आठवलं की दोन्ही एकदमच होतं. मी "हो" म्हटलं. मग तिने फाटकावरचा माझा हात आपल्या हातात घेतला, आणि बेरेन्स चहाला हाक मारेपर्यंत आम्ही तशाच उभ्या राहिलो.